घाण वास येतोय!

"घाण वास येतोय!" मागच्या बाथरूमच्या दारातून मी इतक्या जोरात ओरडले, की नवरा अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आला आणि त्याच्या मागोमाग सासूबाई.

"काय येतोय?"

"वास रे, वास! गटाराचा! सडका, डोकं उठवणारा! तुला येतोय ना? खरं सांग."

तो आईकडे बघायला लागला, आई त्याच्याकडे. मग सासूबाईंना रडूच फुटलं. "आठवडा झाला गं. जीव नकोसा झालाय नुसता."

आठवडा! आणि दोघंही गप्प! पण त्यांचं काय चुकलं? माझी बेकरी होती. गेल्या वर्षी ताप आला आणि जाताना माझं नाक घेऊन गेला. म्हणजे नाक जागेवर होतं, पण शोभेपुरतं. पाव भाजला की करपला, हे घड्याळ बघून ठरवायची वेळ आली, आणि घड्याळाला पावातलं काय कळणार? दोनदा भट्टीभर पावांचा कोळसा झाल्यावर मी भट्टी बंद केली, ट्रे, साचे, चाळण्या घरी आणून मागच्या बाथरूममध्ये कोंबले आणि दार ओढून घेतलं. नाक परत येईल किंवा येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून मला वाईट वाटू नये म्हणून आमच्या घरात 'वास' हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. दोघं बिचारी आठवडाभर खरोखरच नाक मुठीत धरून जगत होती. आज चाळणी हवी म्हणून मीच ते दार उघडलं, नाहीतर अजून महिनाभर गप्प बसली असती.

नाक आलं असेल, तर भट्टी पुन्हा पेटणार होती. मी अक्षरशः नाचत होते.

प्लंबर आला तेव्हा आम्ही तिघं त्या दुर्गंधीत उभे राहून हसत होतो. त्याने एकेकाकडे नीट बघून घेतलं.

"कुठून येतोय वास?"

"ते तुम्ही सांगायचं ना!"

"ताई, आयुष्य गेलं गटारात हात घालण्यात. माझं नाक कधीच राजीनामा देऊन गेलंय. हुंगायचं तुम्ही, दुरुस्ती माझी."

माझ्या नाकाला कुणीतरी काम देत होतं! मी गुडघ्यांवर बसले.

"बेसिनखाली बघा. पाइप भोकात नुसताच सोडलेला असला, तर फटीतून वास वर चढतो."

"इथे नाही."

"मग कमोडच्या बुडाशी. तिथलं सिमेंट सुटलं तरी हीच बोंब."

"इथेही नाही. पण जवळच आहे मेला!" मी ट्रेच्या ढिगात डोकं खुपसलं. "इथे! ह्यांच्या खाली!"

नवऱ्याने भराभर ट्रे बाहेर काढले. खाली जमिनीतली जाळी होती. प्लंबरने ती उचलली, आत टॉर्च मारला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"ट्रॅप ठणठणीत कोरडा! अहो, ह्या वाकड्या पाइपात कायम पाणी साचलेलं लागतं. तेच गटाराच्या वासाला अडवतं. इथे कुणी आंघोळच करत नाही वाटतं?"

मी ट्रेंकडे बघितलं. मीच कोंबलेले, मीच दार लावून घेतलेलं.

"बादलीभर पाणी ओता, झालं काम. आणि अधूनमधून ओतत जा."

नवऱ्याने बादली उचलली. मी त्या उघड्या भोकावर आडवी झाले.

"थांब! इतक्यात नको!"

"ताई, लोक मला वास घालवायला बोलावतात," प्लंबर म्हणाला.

"दोनच मिनिटं." मी छाती भरून तो वास घेतला. काय भयंकर होता! काय सुंदर होता!

"पुरे कर, चक्कर येईल," नवरा म्हणाला आणि त्याने पाणी ओतलं. पाइपातून गुडगुड आवाज आला. प्लंबरने खिडकी उघडली. सासूबाई आनंदाच्या भरात त्याच्या चहासाठी दूध ठेवून आल्या, आणि आम्ही वाट बघत उभे राहिलो.

हळूहळू वास विरत गेला. मग काहीच उरलं नाही. ना साबण, ना ओली फरशी, काही म्हणजे काही नाही. वास गेला की माझं नाक पुन्हा गेलं?

"तुला येतोय का रे?"

"छे! अगदी गेला!" नवरा म्हणाला.

पण ह्याच्यावर विश्वास ठेवायचा कसा? हा माणूस आठवडाभर त्या घाणीत हसतमुखाने जेवलेला. सासूबाई त्याच्याच आई. प्लंबरला नाकच नाही. अख्ख्या घरात एक धड साक्षीदार नव्हता. तिघंही श्वास रोखून माझ्या नाकपुड्यांकडे बघत होते.

तेवढ्यात नाकात काहीतरी झोंबलं. कडवट.

"आई," मी म्हणाले, "दूध करपतंय."

"अगं बाई! खरंच की!"

त्यांच्याआधी मीच स्वयंपाकघरात पोचले. दूध उतू जाऊन ओट्यावर पसरलं होतं आणि पातेल्याचं बूड काळं पडत होतं. नवऱ्याने गॅस बंद करायला हात पुढे केला, तर सासूबाईंनी त्याच्या हातावर चापट मारली. थेंबभर दूध सांडलं तरी दिवसभर हळहळणारी बाई ती.

"करपू दे जरा," त्या म्हणाल्या. "हुंगू दे तिला."

मागून प्लंबरने हाक मारली, "ताई, हे ट्रे पुन्हा आत ठेवू का?"

"आत नको!" मी पातेल्यावरून डोकं न काढताच ओरडले. "बाहेर, दारात ठेवा! भट्टीवर न्यायचेत!"