उदाहरणाची जागा

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत काम करणाऱ्यांना गुपित पचत नाही. दिवसभर शब्दांची सालं काढायची खोड, ती माणसांशी बोलतानाही सुटत नाही. त्यामुळे एरवी तोंडाचा पट्टा चालू ठेवणारे जुळणीवाले काका त्या सकाळी मूग गिळून बसले, तेव्हाच वहिनीला वास आला. ती इथली तपासनीस. नवरा इथलाच संपादक होता, म्हणून अख्खी कचेरी तिला वहिनी म्हणे. नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

डब्ल्यूच्या कार्डांचं खोकं आदल्या दिवशी उघडलं होतं, आणि त्यात 'विडो' या इंग्रजी शब्दाचं कार्ड नव्हतं. विचारलं तर काका म्हणाले, सापडेल. लोकांनी आपल्याला असं जपावं याचा तिला वीट आला होता. तिने सरळ काकांचा खण ओढला. कार्ड वरच होतं. अक्षर नवऱ्याचं.

तिला कळेना. तो गेला तेव्हा काम एमवर होतं. आधीचं अक्षर संपल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही, हा नियम त्यानेच घातलेला. तारीख, ज्यातून तो उठलाच नाही त्या ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्याची. त्या आठवड्यात तो घरी गॅलरीला कुठला रंग द्यायचा यावरून हुज्जत घालत होता. निरोपाचा एक शब्द बोलला नाही, हा राग तिने आजवर उराशी धरला होता. आपण वाचणार नाही हे त्याला माहीत होतं की नव्हतं, एवढंच तिला हवं होतं.

तिने उभ्या उभ्या वाचलं. हा शब्द आणि आपला 'विधवा' एकाच जुन्या मुळातले; मूळ अर्थ वेगळी पडलेली. 'धव' म्हणजे नवरा, तो नसलेली ती विधवा, ही फोड मागाहून बसवलेली. दुसरा अर्थ छपाईतला: परिच्छेदाची शेवटची ओळ, जी पानावर न मावल्याने पुढच्या पानाच्या माथ्यावर एकटी पडते. इथवर सगळं त्याच्या शिस्तीत. उदाहरणाच्या जागी मात्र चार वाक्यं लिहून चारही गिरगटून टाकलेली. खाली पेन्सिलीने तपासनिसासाठी टीप: 'उदाहरण तू घाल. मला जमेना.'

ती सगळ्यांसमोर रडली. या माणसाने आयुष्यात कधी कार्डावर खाडाखोड केली नव्हती.

काका म्हणाले, "वहिनी, राहू दे. मी घालतो एखादं साधं वाक्य."

"नको काका. त्याने मला सांगितलंय."

तिने चष्मा पुसला, पेन उघडलं आणि लिहिलं: 'त्याला कळलं होतं, विधवेला कळायला दोन वर्षं लागली.'

खाली सही करून तिने कार्ड काकांच्या हातात दिलं.