कपाटावरच्या जळक्या किटलीची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची किटली आहे. स्वीडनच्या उत्तरेकडच्या एका गावात, शाळेच्या वर्गातल्या बुटक्या कपाटावर बसलेली. आधीच सांगून टाकते, मी जळकी आहे.

तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. पुढे पन्नास वर्षं मी कॉफी उकळली. ईस्टरच्या सणाआधी, इथल्या रिवाजाप्रमाणे, गावच्या मुली डोक्याला रुमाल बांधायच्या, गालांवर ठिपके काढून चेटकिणी व्हायच्या आणि मला हातात धरून दारोदार गोळ्या मागायच्या. काय माझा तोरा होता! मग मुलींच्या हातात प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या आणि मला शाळेला देऊन टाकलं.

इथे माझ्या शेजारी लोणी काढायचं लाकडी पिंप होतं. मेलं काळं, बेढब! पण शिक्षिका बार्ब्रो मुलांना सांगायची, "साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्या गावच्या मारितकडे असंच पिंप होतं. तिचं लोणी झटकन यायचं, ते शेजाऱ्यांना बघवेना. ती चेटकीण आहे, आम्हाला सैतानाकडे नेते, असं गावातल्या मुलांनी सांगितलं आणि तिला मारून टाकलं. आता तिच्या घरातली वस्तू होऊन लिहा."

सगळ्यांना पिंपच व्हायचं होतं! मारितच्या काळी इथे कॉफीच आली नव्हती, मग मला कोण विचारतंय? तूवा नावाची अबोल मुलगी तर रोज पिंपावरून हात फिरवायची. माझ्याकडे ढुंकूनही बघायची नाही.

एका सकाळी आल्वार नावाचा मुलगा सगळ्यांच्या आधी वर्गात आला. त्याच्या दप्तराचा पट्टा पिंपात अडकला आणि धाडकन पिंप खाली! दोन फळ्या निखळल्या. मला आनंदच झाला. बरी खोड मोडली!

मग बार्ब्रो आणि बाकीची मुलं वर्गात आली. आल्वार घाईघाईने म्हणाला, "तूवानंच पाडलं असणार. सारखी त्यालाच चिकटलेली असते."

"हो ना, काल त्याच्याशी पुटपुटत होती," एब्बा म्हणाली.

"आणि ढकललं पण! मी बघितलं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"अरे, मी आत्ता येतेय!" तूवा रडवेली झाली. मी मनात म्हटलं, भोग आता.

बार्ब्रोने पिंपाकडे पाहिलं, मग मुलांकडे. "वह्या काढा. इथल्या ज्या वस्तूने खरं पाहिलं असेल, तिच्या तोंडून लिहा."

तूवा पहिल्यांदाच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मग तिने लिहिलं आणि वाचून दाखवलं, "मी कपाटावरची किटली. पिंप कुणी पाडलं ते मी पाहिलंय. पण मी पिंपावर जळते, म्हणून गप्प बसलेय. मारितच्या वेळीही कुणीतरी असंच गप्प बसलं असेल."

मला तर कपाटाच्या मागे लपावंसं वाटलं. आल्वारचे कान लाल झाले. "माझा पट्टा अडकला होता," तो हळूच म्हणाला. "तूवा, सॉरी."

पिंप पुन्हा सांधलं. तूवा अजूनही आधी त्याच्याकडेच जाते आणि माझ्या पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, माझ्या वतीने तूवाला लिहावं लागलं. तुम्हाला बोलता येतं. कुणावर जळत असाल तर खुशाल जळा, पण त्याच्यावर खोटा आळ आला, तर जे पाहिलंत ते सांगा.

आणि जमलं तर कधी मलाही घासा.