आधी टाकी, मग पीठ

धाकटीची दोन घरं होती, आणि दोन्ही घरांत काही ना काही वाढत असायचं. एका घरी पीठ वाढायचं, दुसऱ्या घरी मांस.

पहिलं घर जन्माचं. खाली बाबांची बेकरी, वर राहायच्या खोल्या, आणि बाहेरून एक लोखंडी जिना. उजाडायच्या आत भट्टी पेटायची. बाबा पीठ मळायचे, धाकटी गोळे वळायची आणि आत्या परातीवर ओलं फडकं टाकता टाकता गुणगुणायची:

झाकलेल्या परातीत
पीठ फुगतं निवांत
नको उघडूस बाई
वाढू दे ग अंधारात

आत्या बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर भावाकडे आली ती दुकानाच्या फळीमागे उभी राहिली, आणि तेव्हापासून गल्लीतल्या कुणालाही शिळा पाव किंवा शिळा विनोद खपवता आला नाही.

दुसरं घर कामाचं. नदीपलीकडच्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात आता बर्फाऐवजी ऊब असायची. तिथं एका कोकराच्या मांडीतून घेतलेल्या चिमूटभर पेशी वाढवत. कोकरू एव्हाना चांगलं थोराड होऊन कुरणात शिंगं घासत फिरत होतं, त्याला या उद्योगाचा पत्ताही नव्हता. पेशी आधी बाटलीत वाढायच्या, मग लहान टाकीत, मग मोठ्या टाकीत. त्यांना वेळेवर खाद्य, वेळेवर हवा, अंगाला सोसेल एवढीच ऊब. पुरेशा झाल्या की त्यांना बारीक तंतूंच्या जाळीवर सोडायचं. मग त्या जाळीवर चढत, एकमेकींचे हात धरत, आणि त्यांचं मांस होई. कुणाच्या मानेवर सुरी न फिरवता.

या कामात धाकटीला एक मान होता. लहान टाकीतलं पेशींचं रोप मोठ्या टाकीत ओतलं की वरची काचेची झडप किंचित उघडायची, तोंडावरचा मास्क खाली ओढायचा आणि ती वास घ्यायची. बेकरीवाल्याची लेक. पीठ कधी आंबलं, कधी बिघडलं, हे ती नाकानं सांगायची, तसं खाद्यही सांगायची. सगळे श्वास धरून उभे राहायचे. ती म्हणायची, "छान आहे." मग झडप बंद व्हायची आणि सगळ्यांना सुटल्यासारखं वाटायचं.

आणि तरीही मोठी टाकी नासायची.

बाटलीत छान, लहान टाकीत छान, आणि मोठीत गेलं की आतलं पाणी ढगाळ व्हायचं. भिंगाखाली पाहिलं की पेशींच्या गर्दीत खमिराचे गुबगुबीत कण, एकाच्या पाठीवर दुसरा. पाहुणे येऊन यजमानांचंच जेवण संपवून बसलेले.

आजही तेच झालं होतं. नळकाका टाकीखाली पाय पसरून बसले होते. कारखान्यातले सगळे नळ, पाइप, वॉशर त्यांच्याच ताब्यात.

"वॉशर बदलले, गाळण्या बदलल्या, नळ बदलले," ते म्हणाले. "आता मीच तेवढा बदलायचा राहिलोय, पोरी."

"तुम्हाला कुठं मिळायचा सुटा भाग, काका?" धाकटी म्हणाली, पण हसू ओठांपर्यंत आलं नाही.

मोठ्या बाई टाकीवर हात ठेवून उभ्या होत्या. हा कारखाना त्यांनीच उभा केला होता, केस काळे होते तेव्हा.

"परवाना मिळाला तेव्हा आपण नाचलो," त्या म्हणाल्या. "नाचून झालं. आता भागीदार म्हणतात, बाटलीभर मांस कुणीही करेल, टाकीभर करून दाखवा. आणि त्यांचं काही चुकत नाही. बाटलीनं कुणाचं पोट भरत नाही. एक टाकी आणखी थांबणार आहेत ते. तीही नासली तर ही टाकी रंगाच्या कारखान्यात जाईल आणि तिच्यात कुणीतरी निळा रंग ढवळत बसेल."

नळकाकांनी तळाची तोटी सोडली. नासलेलं पाणी गटाराकडे धावलं.

"काही म्हणा," नळकाका नाक फुलवत म्हणाले, "मेली टाकी, पण वास काय झकास सोडते. ताज्या पावाचा! लोणी असतं तर वाटी घेऊन बसलो असतो."

"कसला वास?" धाकटीनं विचारलं.

"पावाचा! दुसरा कसला?"

"मलाही येतोय," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुला नाही येत? तुझ्या नाकाला?"

धाकटी वाकली. खोल श्वास घेतला. पोलाद, कोमट पाणी, खाद्याचा गुळचट वास. पावाचा नाही. तिनं पुन्हा घेतला. नाहीच.

मग ती वाकलेली तशीच राहिली. पाण्यातल्या माशाला ओलं कसं कळावं? त्या वासात ती जन्मली, त्यात रांगली, त्यातच वाढली. जगातला प्रत्येक वास तिला यायचा, फक्त घराचा यायचा नाही. आणि घर तर ती रोज नाकात घेऊनच इथं येत होती. दोनदा आंघोळ करायची, कपडे बदलायची, केस झाकायची, हातमोजे चढवायची. आणि मग सगळ्यांदेखत मास्क खाली ओढून, पहाटभर पिठाचा धुरळा ओढलेलं नाक टाकीच्या तोंडाशी नेऊन धरायची.

तिनं दोन उथळ बशा घेतल्या, दोन्हींत थोडं थिजणारं खाद्य ओतलं. एका बशीवर स्वतः नाकानं फुंकर सोडली. दुसरीवर नळकाकांना सोडायला लावली.

"माझ्या नाकात काय सापडणार? तपकीर," काका म्हणाले.

दोन दिवस बशा उबेत राहिल्या. काकांच्या बशीत काही विशेष उगवलं नाही. धाकटीच्या बशीत मात्र चांदणं पडल्यासारखे फिकट ठिपके दाटले. ती बशी घेऊन ती मोठ्या बाईंसमोर उभी राहिली.

बाईंनी बशी उजेडात धरली. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे नाक तुझं, पण बिऱ्हाड दुसऱ्यांचं."

"बाई, मी..."

"रडू नकोस, बशीत पडेल. चूक तुझी एकटीची नाही. झडप उघडली की आम्ही सगळे देवळात उभं राहिल्यासारखे उभे राहायचो. कुणाला वाटलं का, की ही उघडतेय कशाला?" त्या खुर्चीत बसल्या. "आता ऐक. झडप यापुढं उघडायची नाही. पण तेवढ्यानं भागत नाही. केसांत, कानांत, श्वासात, सगळीकडे असतं ते. सकाळी पिठात हात घातलास तर त्या दिवशी टाकीपाशी यायचं नाही. कचेरीत काम देते, हवं तर. पण टाकी हवी असेल तर पहाटेची बेकरी सोड."

धाकटीनं मान हलवली. पण बेकरीतली एक गोष्ट बाईंना ठाऊक नव्हती.

बाबांचे हात थरथरत होते. गेल्या वर्षापासून. घरात त्याचं नाव कुणी काढायचं नाही. धाकटी म्हणायची, "मला आवडतं म्हणून वळते गोळे," बाबा म्हणायचे, "तुला वळण लागावं म्हणून वळू देतो," आणि आत्या दोघांचं ऐकून परातीवर फडकं टाकायची.

रात्रीच्या जेवणाला तिनं सांगून टाकलं.

"त्यात काय एवढं?" बाबा म्हणाले. "तू शाळेत जायचीस तेव्हा बेकरी काय तुझं दप्तर चालवत होतं? जा तू. तुझ्या त्या बिनआईच्या मांसाला सांभाळ."

"बाबा, त्याला आई आहे. कुरणात चरतेय."

"ती आई नव्हे, ते कोकरू. तुमच्याकडे सगळंच उलटं." त्यांनी पाण्याचा पेला उचलला, आणि पाणी हिंदकळायच्या आत परत ठेवला. आत्या आपल्या ताटाकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी शेवटची टाकी भरायची होती. धाकटी वरच्या खोलीत मिठाच्या पाण्यानं नाक धूत होती आणि कान खाली लागले होते. फळीवर पीठ आपटल्याचा आवाज. थप्. मग थांबणं. पुन्हा थप्. आणि मग पत्र्याचा ट्रे जमिनीवर पडल्याचा खणखणाट.

ती धावली. आतल्या जिन्याच्या दाराच्या कडीवर तिचा हात गेला. खाली उतरलं की संपलं. आजची टाकी नाही, म्हणजे पुढं टाकीच नाही. न उतरावं तर...

खालून आत्याचा आवाज आला, "पडलं तर पडलं! पिठाला काय हाडं आहेत मोडायला?" आणि मग थोडा मोठ्यानं, छताकडे तोंड करून, "आणि वर जे कुणी कडीला हात लावून उभं असेल, त्यानं बाहेरच्या जिन्यानं गुमान कामाला जावं!"

धाकटी बाहेरच्या जिन्यानं उतरली. लोखंडाच्या प्रत्येक पायरीनं तिला काहीतरी सुनावलं.

कारखान्यात रोप मोठ्या टाकीत ओतलं गेलं. सवयीनं सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिनं हात पाठीमागे बांधले.

"वास नाही घ्यायचा?" नळकाका कुजबुजले.

"नाही."

"मग कळायचं कसं?"

"वाढलं की कळेल."

संध्याकाळी ती परतली तर बाबा दुकानाच्या पायरीवर बसलेले. मागच्या फळीवर दिवसभराचे न खपलेले पाव. कुणी कुबडा, कुणी कलंडलेला.

"एक गिऱ्हाईक म्हणालं, पाव विकता की घराचे दगड?" बाबा म्हणाले. मग आपल्या हातांकडे पाहत, घरात आजवर कुणी न उच्चारलेलं वाक्य त्यांनी उच्चारलं. "ऐकत नाहीत गं हे."

धाकटी त्यांच्या शेजारी बसली. त्यांचा हात हातात घेतला. तो तिच्या मुठीत पाखरासारखा हलत राहिला.

"बाबा, मी कचेरीत बसते. टाकी बघणारं कुणी ना कुणी मिळेल."

"खबरदार!"

"बाप-लेकीचा त्याग संपला असेल तर मी बोलू?" आत्या फडकं खांद्यावर टाकून दारात उभी होती. "पीठ पहाटेच मळायचं, हे कुणी सांगितलं?"

"आपल्या बापानं," बाबा म्हणाले.

"तो माझाही बापच होता. पहाटे मळायचा, कारण त्याच्याकडे थंड कपाट नव्हतं. तुझ्याकडे आहे, आणि त्यात तू फक्त लोणी ठेवतोस. ही टाकीचं काम आटपून संध्याकाळी येते. तेव्हा मळा, तेव्हा वळू दे तिला गोळे. रात्रभर गारव्यात पडू देत. पहाटे तू उठून नुसते लांब फावड्यानं भट्टीत सार. फावडं थरथरलं तर बरंच, पाव लवकर सुटतो."

"गारव्यात पीठ फुगत नाही."

"फुगतं, बाबा," धाकटी सावकाश म्हणाली. तिच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं होतं. "आमच्या बाटल्या आम्ही गारव्यात ठेवतो, तेव्हा त्या मरत नाहीत. हळू होतात, एवढंच."

"आणि उद्या सकाळी तुझ्या नाकात पुन्हा तेच बिऱ्हाड?"

"रोज पहाटे बशीवर फुंकर घालेन. आदल्या बशीत काही उगवलेलं दिसलं तर टाकीपाशी जाणारच नाही."

बाबा उठले. पिढीजात रीत मोडायला वेळ लागतो, तेवढा वेळ ते उभे राहिले. मग बाह्या सरसावल्या. "चल. आधी टाकी, मग पीठ. बघू काय होतं ते."

पहिल्या दिवशी पाव बसका झाला. दुसऱ्या दिवशी कडक. पण मग एका सकाळी तो असा निघाला, की वरचा पापुद्रा बोटानं वाजवावा आणि आतून मऊशार वाफ यावी. पावाला दगड म्हणणारं गिऱ्हाईक परत आलं, चावून थांबलं.

"आज काय घातलंय यात?"

"झोप," आत्या म्हणाली. "रात्रभरची."

धाकटीच्या बशा स्वच्छ राहिल्या. टाकीही. नळकाका रोज काचेवर टिचकी मारून विचारायचे, "आत कोण आहे?" आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "घरचीच माणसं." पाणी ढगाळलं नाही. पेशी वाढल्या, जाळीवर चढल्या, एकमेकींना बिलगल्या. ज्या दिवशी जाळी बाहेर काढली त्या दिवशी मोठ्या बाई नुसत्या चष्मा पुसत राहिल्या.

टाकी धुवायला काढली, म्हणून दुसऱ्या दिवशी धाकटीला सुट्टी होती. कित्येक दिवसांनी ती सकाळची खाली बेकरीत उतरायला निघाली. तेवढ्यात गल्लीत मोठ्या बाई आल्या, हातात बर्फाचा डबा, मागे नळकाका.

"दुकानदार म्हणतात, आधी कुणी खाऊन दाखवा," बाई बाबांना म्हणाल्या. "आमच्याकडे भट्टी नाही. तुमची मिळेल का?"

बाबांनी डब्यातले तांबूस तुकडे न्याहाळले. "बिनआईचं मांस माझ्या भट्टीत," ते पुटपुटले. पण फावडं त्यांच्या हातात आधीच होतं.

फळीसमोर गिऱ्हाइकं थबकली. "हे ते भांड्यात वाढवलेलं ना?" एक बाई नाक मुरडून म्हणाली. "छे! भांड्यात कुठं मांस वाढतं?"

"आणि पाव कुठं वाढतो? झाडाला?" बाबा भट्टीकडून न वळता म्हणाले. "इतकी वर्षं माझ्या भांड्यातलं खाताय. तक्रार करायला आज सुचलं?"

लोक हसले. एकजण निघून गेला, एकानं किंमत विचारली आणि भुवया चढवल्या. "खरं आहे, अजून महाग आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "खाद्य महाग, टाकी एकच. लांब जायचंय आम्हाला. पण काल आम्ही उंबऱ्याच्या आत होतो. आज बाहेर आलोय."

बाबांनी भाजलेला तुकडा पावात घातला. हात थरथरला, थोडा रस फळीवर सांडला. त्यांनी हात लपवला नाही. सगळ्यांदेखत घास घेतला, सावकाश चावला.

"कोकराला सांगा," ते म्हणाले, "लेकरू चांगलं निघालंय."

नाक मुरडणारी बाई म्हणाली, "द्या एक तुकडा. नुसता बघायला." आणि बघता बघता खाल्ला.

जिन्याच्या दारात धाकटी उभी होती. मोठ्या बाईंनी तिला हात केला. "आता घे वास. हवा तेवढा. आता काही बिघडत नाही."

धाकटी फळीवर वाकली. डोळे मिटले. भाजलेल्या मांसाचा वास आला, खमंग, खरपूस. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा एक आला, ऊबदार, किंचित आंबूस, भाजक्या धान्याचा. तिनं डोळे उघडले, पुन्हा मिटले, पुन्हा श्वास घेतला.

"बाबा," ती म्हणाली, "आपल्या पावाला वास येतो!"

"आत्ता कळलं?" बाबा म्हणाले. आणि थरथरत्या हातानं त्यांनी तिच्यासाठी गरम पाव मोडला.