धुतलेली खरखर

विज्ञानातलं सत्य कुणाच्या बापाला पुसता येत नाही, अशी कॉलेजात वायरलेस शिकवणाऱ्या बाईंची ठाम समजूत होती. स्टुडिओतल्या मेहुण्यांनी ते दुपारच्या चहाआधीच पुसलं होतं.

पडद्यावर बाई स्वतःच दिसत होत्या. समोर रिसीव्हर, हातात त्याची अँटेना. "आता नीट ऐका," पडद्यावरच्या बाई म्हणाल्या आणि बोट वर करून गप्प बसल्या. कसलाच आवाज आला नाही. मग त्या समाधानाने म्हणाल्या, "कळला फरक?"

"आवाज गेला कुठे?" खुर्चीतल्या बाईंनी विचारलं.

"कसला?"

"खरखर!"

"हां, ती!" मेहुण्यांचा चेहरा उजळला. ते संचालकांचे मेहुणे. त्यामुळे अख्ख्या कॉलेजचेच मेहुणे. "काय घाण होती हो बाई आवाजात! सगळी धुऊन काढली. आता कसं, दवाखान्यात बसल्यासारखं शांत."

"अहो, धड्याचं नावच 'खरखर' आहे!"

"मग नावाला कुठे हात लावलाय?"

बाईंनी उभा जन्म मुलांना खरखर ऐकायला शिकवण्यात घालवला होता. अँटेना फिरवत गेलं की एका दिशेला ती किंचित दबते. तिकडे कुणीतरी बोलत असतं. पुस्तकात याचं सूत्र आहे, पण कानाला सूत्र वाचता येत नाही. आता त्यांच्या प्रयोगशाळेत प्रवेश विभाग बसत होता. उपकरणं भंगारात गेली होती. हा एक रिसीव्हर तेवढा बाईंनी पदराआड घातल्यासारखा वाचवला होता. पुढच्या मुलांसाठी उरणार होते ते हे ऑनलाइन धडे, आणि त्यांत बाई मुक्या बसल्या होत्या.

तेवढ्यात संचालक आले, कडक इस्त्रीच्या कोटात. त्यांचं स्वागताचं भाषण चित्रित व्हायचं होतं.

"उठता ना बाई? तुमचा धडा झाला की."

"झाला नाही. सोलून ठेवलाय. खरखर परत घाला, मग उठते."

"खराब आवाज असला की मुलं व्हिडिओ बंद करतात हो."

"मग माझं तोंड कापा, नाव कापा. खरखर कापायची नाही."

"हट्ट सोडा आता. निवृत्तीला आलात."

"म्हणूनच. आता माझं काय काढून घेणार आहात?"

संचालकांनी मेहुण्यांकडे पाहिलं. "तुम्ही करा सुरू, दाजी," मेहुणे म्हणाले. "बाई काही चित्रात येत नाहीत."

बाईंनी मांडीवरचा रिसीव्हर चालू केला आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. खोलीभर खरखर झाली.

संचालक "प्रिय विद्यार्थ्यांनो" म्हणाले. ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही. ते पुन्हा म्हणाले, या वेळी जरा कमी प्रेमाने.

"बंद करा ते!"

"काय म्हणालात?" बाईंनी कानाला हात लावला. "जरा मोठ्याने!"

संचालक मेहुण्यांवर ओरडले. "तू काढ ना रे ती नंतर!"

"काढतो की! पण दाजी, तिच्यासोबत तुमचं भाषणही जाईल."

संचालकांनी कोटाची बटणं सोडली. "घाल बाबा! घाल त्यांची खरखर परत!"

मेहुण्यांनी ती घातली. बाईंनी तिथेच बसून, डोळे मिटून, सगळी तपासून घेतली आणि मगच खुर्ची सोडली.

धडा वेबसाइटवर आहे. खरखर पहिल्यापासून शेवटपर्यंत, न धुतलेली. कमी ऐकू येणाऱ्यांच्या सोयीसाठी वेबसाइट चित्राखाली आपोआप अक्षरं उमटवते. खरखरीच्या जागी तिने उमटवलंय: 'संगीत'.