अकरा नंबरची मावशी

गुहेतून बाहेर पडल्यावर रोसनीने माणसं तीनदा मोजली. पाण्यात एकदा, शिडीवर एकदा, आणि बोट सुरू झाल्यावर पुन्हा. अकरा. नेली तेवढी आणली. आओ नांगच्या किनाऱ्यावरचे बोटवाले तिला हसायचे, या पोरीला मोजायचं खूळ लागलंय म्हणायचे. हसोत बापडे! माणूस हरवण्यापेक्षा खूळ बरं.

को तालिंग बेटाच्या त्या गुहेत ओहोटीलाच शिरता येतं. शंभरेक हात मिट्ट काळोख, मधे एक वळण, आणि मग एकदम उजेड. चहूबाजूंनी सरळसोट कडे, खाली हिरवं पाणी आणि ओंजळभर पांढरी वाळू. ते बघायला लोक कुठून कुठून येतात. काळोखात सगळ्यांनी एका ओळीत तरंगायचं, पुढच्याच्या जॅकेटचा पट्टा धरायचा आणि मरण आलं तरी तो सोडायचा नाही, ही तिथली रीत. पुढे रोसनी, हातात विजेरी. मागे एक ते अकरा.

अकरा नंबर म्हणजे एक म्हातारी, एकटीच आलेली. तिला बघूनच बांग लेमने तोंड वाकडं केलं होतं. बांग म्हणजे दादा. हा बोटीचा मालक, पन्नाशीचा, जन्म पाण्यात गेलेला.

"हिला कशाला घेतेस? गुडघे बघ तिचे."

"तुझ्यापेक्षा बरे आहेत, बांग. तू शिडी चढताना अख्खी बोट कण्हते."

म्हातारी खुदकन हसली होती. ती हळू पोहणार, म्हणून रोसनीने तिला सगळ्यात शेवटी ठेवलं. गुहेच्या तोंडाशी तिला बजावलं, "मावशी, पट्टा घट्ट धरा. आणि सुटलाच, तर असाल तिथेच थांबा. काळोखात इकडेतिकडे जाऊ नका. मी येईन."

"नाही हलणार," म्हातारी म्हणाली होती.

बाहेर येताना वळणावर गर्दी झाली. दुसऱ्या एका बोटीची ओळही त्याच वेळी बाहेर निघाली होती. पाणी चढायला लागलं होतं, सगळ्यांनाच घाई. पोरंटोरं घुमणारा आवाज ऐकायला ओरडत होती. रोसनीने विजेरी मागे फिरवली, नारिंगी जॅकेटं मोजली. अकरा. झालं.

आता बोटीवर ती कलिंगडाच्या फोडी वाटत होती. दहा फोडी दिल्या. अकरावी फोड घेता घेता एक टकला माणूस संकोचून म्हणाला, "आमच्या बोटीवर अननस आहे म्हणाले होते."

"आमच्याकडे रोज कलिंगडच असतं, काका."

"हो, पण..." त्याने आजूबाजूला पाहिलं. बोटीच्या पुढच्या टोकाला बांधलेल्या रंगीत फिती पाहिल्या, बांग लेमकडे पाहिलं. "ही माझी बोट नाही वाटतं."

रोसनीच्या हातातून फोड गळून पडली.

"तुम्ही कुणाचा पट्टा धरला होता?"

"काय ठाऊक! काळोखात हाताला पट्टा लागला, तो धरला. सगळी जॅकेटं सारखीच. सोडू नका म्हणाले होते, मी नाही सोडला!"

"बांग! बोट फिरव!" ती किंचाळली. "म्हातारी आत राहिली!"

बांग लेमने बोट फिरवली, पण गुहेचं तोंड दिसताच त्याचा हात थंडावला. मघाशी जिथून माणसं आरामात बाहेर आली होती, तिथे आता वीतभर काळी फट उरली होती. लाट आली की तीही बुजत होती.

"हे बघ," तो हलक्या आवाजात म्हणाला, "ती आतल्या वाळूवर गेली असेल. वाळू बुडत नाही. संध्याकाळी पाच वाजता पाणी उतरलं की आणू तिला. आत्ता शिरलीस तर दोन मढी काढावी लागतील मला."

"वाळूवर असती तर मी कशाला ओरडले असते? मी तिला सांगितलंय, हलू नका म्हणून! वळणावरच पट्टा सुटलाय. ती तिथेच थांबली असेल, बांग!"

वळणाशी पाणी कुठवर चढतं, ते बांग लेमइतकं कुणाला माहीत? त्याने दोरखंड उचलला आणि तिच्या कमरेला गाठ मारली. "दोन झटके म्हणजे ओढ. तीन म्हणजे आत पोचले. झटकाच आला नाही, तर मी येतो. मग तुझ्या आईला काय सांगायचं ते मला सांगून जा."

जॅकेट अंगात असलं की बुडी मारता येत नाही, म्हणून रोसनीने ते काढून फेकलं, विजेरी मनगटाला बांधली आणि पाण्यात उडी घेतली.

आत जाताना डोकं छताला घासत होतं. पुढे छतच पाण्याला टेकलं. तिने छाती भरून घेतली आणि बुडी मारली. हाताने खडक चाचपत पुढे, आणखी पुढे. कानांत दडे बसले. वर श्वासाला जागा असेल की नाही? नसेल तर? तिला मनापासून भीती वाटली, परत फिरावंसंही वाटलं. मग हात एकदम मोकळा झाला, डोकं वर आलं. हवा! हातभरच, पण हवा.

हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि ओठांवर नावच येईना. सकाळपासून म्हातारीला नाव विचारलंच नव्हतं.

"मावशी! अकरा नंबर! अकरा!"

काळोखात तिचाच आवाज फिरून आला. मग, अगदी जवळून, एक बारीक आवाज.

"इथं आहे."

विजेरीच्या उजेडात चेहरा तेवढा दिसला. म्हातारी खडकाला दोन्ही हातांनी मिठी मारून होती. जॅकेटने तिला पार छताशी नेलं होतं. कपाळ वर टेकलं होतं, पाणी हनुवटीला लागलं होतं.

"मी हलले नाही," ती म्हणाली. दातांवर दात वाजत होते.

रोसनीने तिची बोटं एकेक करून खडकावरून सोडवली. बाहेरची वाट बंद झाली होती. ती तिला आतल्या बाजूला ओढत निघाली. छत वर गेलं, उजेड आला, पायाला वाळू लागली. तिने दोराला तीन झटके दिले आणि तिथेच मटकन बसली.

"हलला का नाहीत हो? पाणी चढत होतं ना!"

"तू सांगितलंस ना, येते म्हणून."

"मी चुकीचं सांगितलं, मावशी. माझं चुकलं." रोसनी हुंदके देऊन रडायला लागली. म्हातारीने तिला जवळ घेतलं. थरथरत दोघीही होत्या.

बऱ्याच वेळाने म्हातारी म्हणाली, "आणि अकरा अकरा काय लावलंस? मला काय नाव नाही? लामाय. लामाय म्हणतात मला."

संध्याकाळी पाणी उतरलं. दोघी बाहेर निघाल्या, या खेपेला लामाय पुढे आणि तिचा पट्टा रोसनीच्या मुठीत. गुहेच्या तोंडाशी बांग लेम गळ्याएवढ्या पाण्यात उभा होता. दिवसभर ओरडून त्याचा घसा बसला होता.

"किती जणी?" त्याने विचारलं.

रोसनी दोन म्हणणार होती. म्हणाली, "लामाय मावशी आणि मी."