चिठ्ठीवर नसलेली आई

मित्रांनो, मी एक जुना उडता जनुक आहे. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मला नावे ठेवू नका. चिलटाच्या पेशीत मी एका जागी बसतो आणि मनात आले की सुटून दुसरीकडे जाऊन बसतो. म्हणजे पूर्वी बसत होतो. आता मी कुलूपबंद आहे.

माझे मूळ घर वेगळ्याच जातीच्या माशीत होते. आमचे भाऊबंद सगळ्या किड्यांत विखुरलेले. टोळाकडे आमची गर्दी, मधमाशी मात्र फारसा थारा देत नाही. चिलटांत आलो तेव्हा मी नुसता धुडगूस घातला. मग त्यांच्या आयांनी माझ्यावर पहारा बसवला आणि तो अंड्यातून लेकरांना देऊ लागल्या. तेव्हापासून मी कोंडलेला. फार गुदमरायला होते हो.

खर्डीजवळच्या पाड्यावर भिमी मोहाची फुले वाळत घालते. त्यांवरची चिलटे तिची लेक रविना कॉलेजच्या अभ्यासासाठी बाटलीत धरते. त्यातले नर घेऊन तिने काही बाटल्यांत अंगणातल्याच माद्या सोडल्या, काहींत कॉलेजात पाळलेल्या. या कॉलेजातल्या माद्यांनी मला कधी पाहिलेच नव्हते, मग पहारा कुठला? त्यांच्या लेकरांत मी मोकाट सुटलो. हवी तिथे उडी, हवी तिथे मोडतोड. लेकरे वांझ निघाली आणि त्यांच्याबरोबर तिथला माझाही वंश बुडाला. सुटलो तो मरायलाच!

रविनाच्या काही बाटल्या भरत, काही एका पिढीनंतर रिकाम्या होत. सर म्हणाले, "या खेपेला जमलं नाही तर विषय बदल." दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार म्हणून ती ओट्यावर रडत बसली.

"सगल्यांचा बाप आपल्या अंगणातलाच गो आय. मंग कुठं नातवंडं होतात, कुठं नाय, असं कसं?"

भिमीने फुले पसरता पसरता एक बाटली उचलून तिच्यावरची चिठ्ठी पाहिली. तिला जेमतेम वाचता येते. "निसतं बापाचंच लिवलंस? आय कुठची ती?"

रविनाने एकेक बाटली फिरवून पाहिली. शाळेच्या दाखल्यापासून बापाचेच नाव लावायची सवय. चिठ्ठ्यांवरही तिने तेच केले होते.

तिने सगळे नव्याने मांडले, चिठ्ठीवर दोघांची नोंद करून. तीन आठवड्यांत उलगडा झाला. आई अंगणातली, ती बाटली भरलेली. आई कॉलेजातली, ती रिकामी. विषय वाचला. वहीच्या पहिल्या पानावर तिने स्वतःचे नाव लिहिले, 'रविना भिमी'.

मी अजून त्या भरलेल्या बाटलीत कोंडलेलाच आहे. आवडत नाही, खोटे कशाला बोलू? पण जिवंत आहे. तेव्हा मित्रांनो, कोणाचीही चिठ्ठी लिहाल तेव्हा आईचे नाव विसरू नका. मला कोंडणारी तीच आणि वाचवणारीही तीच.