चिडचिडीच्या तारखा

तेजश्रीला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. केजच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि वसतिगृहाच्या खोलीतल्या कॅलेंडरवर तिने स्वतःचाच अभ्यास मांडला होता. पाळी आली की लाल टिकली, चिडले-रडले की निळी. तीन महिन्यांनी बघते तर काय, निळ्या टिकल्या लाल टिकलीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत दाटीवाटीने बसलेल्या! मेसची भाजी, परीक्षेचा ताण, गणिताचे सर, सगळे उगाच शिव्या खात होते. तिला एवढा आनंद झाला की खोलीतली मैत्रीण आफ्रीन, तिच्याही टिकल्या तिने लावायला घेतल्या. मग काय विचारता! आफ्रीनने हूं की चूं केलं की ही आधी भिंतीकडे बघायची.

एका संध्याकाळी आफ्रीन बाथरूममधून लालबुंद होऊन आली आणि भराभरा बॅग भरू लागली.

"कावून गं, काय झालं?" तेजश्रीने विचारलं.

"दाराला कडी न्हाई. अंघोळ करताना आज पुन्हा कुणीतरी दार ढकललं. अब्बा मागंच म्हणले होते, असं असंल तर परळीला परत ये, कॉलेज बास. सकाळच्या गाडीनं चालले मी."

तेजश्रीची नजर सवयीने भिंतीवर गेली. "तुझी तारीख चार दिवसांवर हाय. लई मनाला लावून घेऊ नको. उतरंल राग."

आफ्रीनने हातातला कुर्ता खाली टाकला. "तारीख गेल्यावर दाराला कडी लागणार हाय का?"

तेजश्रीला भयंकर लाज वाटली. तिने आफ्रीनच्या सगळ्या टिकल्या नखाने खरवडून काढल्या, कॅलेंडर काखेत मारलं आणि थेट रेक्टर मनकर्णाबाईंची खोली गाठली.

बाईंनी गाऱ्हाणं ऐकलं आणि मायेने हसल्या. "या वयात होतीच चिडचिड. पाळी जवळ आली का गं?"

"परवाच संपली, मॅडम." तेजश्रीने टेबलावर कॅलेंडर पसरलं. "ही बघा तारीख. आज माझं डोकं एकदम शांत हाय. कडी न्हाई बसली, तर ह्याच शांत डोक्यानं उद्या मी पण बॅग भरणार हाय."

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी तिथल्या तिथे सिदू सुताराला फोन लावला. "सकाळी न्हाई रे," त्या म्हणाल्या, "आत्ताच ये."